काढलेले पाटे

देंबरेलच्या कामात खोट सापडत नसे, आणि तोच त्याचा मोठा दोष होता. अख्ख्या खोऱ्यात जीप त्या एकट्याची. थंडी सुरू व्हायच्या आधी कोळसा वाहायला म्हणून त्याने मागच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, मोडीतल्या ट्रकचे दोन-दोन जाड पोलादी पाटे वाढवले. भरलेली गाडी झोकात चाले. रिकामी मात्र असे दणके देई, की शेजारी म्हणत, याच्या गाडीत बसायचं तर दात काढून खिशात ठेवावेत.

त्या सकाळी त्याची लेक उयंगा, सातवा महिना लागलेली, रक्ताने भिजून जागी झाली. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, निजवून आणा, दणके बसू देऊ नका, लवकर या. शहर दीडशे किलोमीटर, आणि रस्ता म्हणजे माळावरच्या नुसत्या चाकोऱ्या.

त्याची बायको सेवजिद म्हणाली, "दारात कोळशाची पोती पडलीत. टाका मागे, वजनानं दबेल गाडी."

"पोरीला पोत्यांवर निजवू? वाढवलेले पाटे काढतो. अर्ध्या तासाचं काम."

पोत्यांवर गादी टाकली असती तर भागलं असतं. पण कसंतरी भागवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, आणि लेकीसाठी तर नाहीच नाही. उजवी बाजू तासाभरात सुटली. डावीकडचे नट गंजून बसले होते. त्याने ते तापवले, ठोकले, शेवटी एक बोल्टच तुटला. दुसरा शोधून बसवेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. किती वेळ लागेल, असं ड्रायव्हरला विचारणं त्या खोऱ्यात अपशकुनाचं. सेवजिदने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

वाट सुखाची व्हावी म्हणून शेजारणीने रीतीप्रमाणे चाकांमागे दूध शिंपडलं आणि ते निघाले. गाडी पाळण्यासारखी चालली. खाली दगडधोंडे होते, पण वर गादी हलत नव्हती. आईच्या मांडीवर उयंगाने डोळे मिटले. देंबरेलने आरशात पाहिलं, पोर झोपली म्हणून सुखावला, आणि तिची झोप मोडू नये म्हणून त्याने वेग आणखी कमी केला.

हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं, मग मान चाचपली. "कधीपासून गप्प आहे ही?"

देंबरेलने बायकोकडे पाहिलं. लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारत सेवजिद नवऱ्याला म्हणाली, "एकदा जरी दणका बसला असता, तर ती कण्हली तरी असती."