फळ्यावरचा लाल प्रश्न

मी फळा बोलतोय. गोड बोलायला काही शिकलो नाही, त्याआधीच शाळेतून काढलं. चौऱ्याहत्तर साली कोपऱ्याला तडा गेला. हेडमास्तर म्हणाले, "हा गेला कामातून." आमच्या गावात कामातून गेलेली प्रत्येक गोष्ट दूध सोसायटीत पाठवतात. अध्यक्षसुद्धा.

अध्यक्ष म्हणजे अण्णाजी. सकाळी माझ्यावर तारीख आणि लिटर लिहायचे, संध्याकाळी धोतराच्या सोग्यानं पुसायचे. सात वर्षं! उद्याबद्दलचं एक अक्षर कधी माझ्या अंगावर उमटलं नाही. पाठीला खाज सुटावी आणि हात पोचू नये, तशी माझी तगमग.

दूध हमरस्त्यावरच्या जाम गावातल्या हॉटेलांत जायचं. उन्हाळ्यात चारा संपला की म्हशी आटायच्या आणि हॉटेलवाले दुसऱ्या डेअरीकडे वळायचे. पुढे त्यातले निम्मेच परत यायचे. दरवर्षी हेच. आणि अण्णाजींना दरवर्षी नवल!

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर सभा भरली. विषय: दारात कमान, वर संचालकांची नावं. दूध मोजणारी कोकिळा उभी राहिली.

"कमान दूध देते काय, अण्णाजी? त्याच पैशात विहिरीजवळच्या पडीत गवत लावा. हॉटेलवाले टिकवाचे हायेत का नाई?"

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात पाहू. तू दूध मोज."

"उन्हाळ्यात तुम्ही आभाळच तं पाह्यता!"

तिनं खडूनं माझ्यावर लिहिलं: उन्हाळ्यात काय? अण्णाजींनी पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी ती बैलांच्या शिंगांना लावायचा, पोळ्याचा उरलेला लाल रंग घेऊन आली आणि त्यानंच तो प्रश्न लिहिला.

आता पुसा!

दूध घालायला आलेल्या लीलाबाईला वाचता येत नव्हतं. "काय लिहिलं वो हे?" कोकिळेनं वाचून दाखवलं. लीलाबाई थेट अण्णाजींकडे वळली. "मंग काय ठरवलं, भाऊ?" रोज कॅन घेऊन येणारा प्रत्येकजण तेच विचारायला लागला. अण्णाजींनी माझ्यावर कॅलेंडर टांगलं. ते लहान पडलं.

शेवटी कमान राहून गेली, गवत लागलं. पुढच्या मे महिन्यात जामला भरलेले कॅन गेले. एकही हॉटेल तुटलं नाही. "मी तं आधीच म्हटलं होतं," असं अण्णाजी आजही सांगतात. म्हाताऱ्यांना लाज नसते, फक्त खुर्ची असते.

आता शहाऐंशी साल. दूध वाढलं, म्हणून पुन्हा कमानीचा विषय निघाला आहे. शिवाय नवा, गुळगुळीत, कोरा फळा आलाय. मला गोठ्यात गव्हाणीला ठोकणार आहेत. ठोका. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, मी जुना झालो. पण नव्याला कोरा ठेवू नका रे! सगळं दूध एकट्या जामला जातं. उद्या तिथं गाड्या थांबल्या नाहीत तर?

आत्ताच मला खिळ्यावरून उतरवताना कोकिळा हेच पुटपुटली. मग खाली वाकून तिनं कपाटामागून लाल रंगाचा डबा काढला. झाकण गंजलंय. ती चमच्यानं उचकटते आहे.

जोर लाव, पोरी. अण्णाजी फाटकाशी आलेत.