दोन रंगांची पुट्टी

पुट्टी लावूनही स्वयंपाकघरातला पाइप तिसऱ्यांदा गळला, तेव्हा म्हातारा प्लंबर दुकानदारावरच उखडला. "भेसळीचा माल खपवतोस, लाज वाटत नाही?" फोन आपटून त्याने पुट्टीचं नवं पाकीट फोडलं. टेप, सिलिकॉन या चिरेला काय कामाचं? इथे दोन भागांची पुट्टीच हवी. पांढरी आणि काळी मळून अख्खा गोळा राखाडी झाला की लावायची, हे त्यानेच सुनेला शिकवलं होतं.

तो गोळा पाइपवर दाबणार, एवढ्यात सून म्हणाली, "बाबा, अजून काळे पट्टे दिसतायत."

त्याने गोळा डोळ्यांपाशी नेला. मग खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला.

"गेलं वर्षभर मला सगळं राखाडीच दिसतंय गं."