बेट राखणारी कवडी

मित्रांनो, माझ्या पाठीला एक भोक आहे. ते बघून लगेच नाक मुरडू नका. ते कुणी पाडलं आणि कशासाठी, हे आधी विचारा. मी एक जुनी कवडी आहे, तपकिरी ठिपक्यांची. न विचारता ठरवून टाकण्याचा त्रास मी पाहिला आहे, म्हणून हे सुरुवातीलाच सांगते.

माझा जन्म दूरच्या समुद्रात, पोवळ्याच्या खडकावर झाला. तेव्हा मी एका मऊ, भित्र्या जिवाचं घर होते. वरून कुणाची सावली गेली तरी तो जीव आत सरकायचा. तो जीव केव्हाच गेला, पण आत सरकायची त्याची सवय माझ्यात राहून गेली. कुठलाही हात जवळ आला की मला पहिल्यांदा वाटतं, याच्या मनात काय आहे?

आणि माझं वाटणं खोटं ठरलं नाही. गोणीत भरून मी शिवडीच्या बंदरात उतरले आणि फिरत फिरत शीव कोळीवाड्याजवळच्या एका जुगाऱ्याच्या हातात पडले. त्याने माझ्या फटीतून शिशाचा बारीक छर्रा आत ढकलला आणि लाख वितळवून पाठीला आतून चिकटवला. पाठ जड झाली. तेव्हापासून मला कशीही फेका, मी पाठीवरच पडायचे, तोंड वर करून. त्याला उताणी पडणं म्हणतात. डावात उताण्या कवड्या मोजतात, पालथ्या मोजत नाहीत. त्यामुळे माझं फार कौतुक झालं. "काय नशिबाची कवडी आहे!" म्हणत लोक मला कपाळाला लावत. मला मात्र लाज वाटायची. मला तोंड होतं, पण सांगायला जीभ कुठे होती?

पुढे तो जुगारी पकडला गेला. त्याच्या सामानातून मी एका जुन्या वस्तू विकणाऱ्याच्या टोपलीत आले आणि तिथून मला रघुवीरने उचललं. हे लक्षात ठेवा. मला त्याच्या घरात आणणारा दुसरा कुणी नव्हता, रघुवीरच होता.

रघुवीर लालबागच्या एका चाळीत राहायचा. महायुद्धात तो आरमारात होता, सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या चपट्या बोटीवर. आता तो गोदामात कारकून होता. त्याची बायको शैला कॉलेजात शिकलेली होती. त्यांचं बाळ नुकतंच रांगायला लागलं होतं आणि दिसेल ते तोंडात घालत होतं. त्यामुळे शैलाचे डोळे सतत जमिनीवर असत. टाचणी, बटण, चिंचोका, काहीही सापडलं की तिच्या छातीत धस्स व्हायचं.

ते वर्षच छातीत धस्स होण्याचं होतं, मित्रांनो. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांवर छप्पन सालच्या जानेवारीत गोळ्या चालल्या होत्या. त्यानंतर चाळीत अनोळखी माणूस शिरला की गॅलरीतल्या माना वळत. साध्या कपड्यातला पोलीस तर नाही? कुणाचा खबऱ्या तर नाही? लोक बोलता बोलता आवाज खाली आणत.

अशा दिवसांत रघुवीरने एक खेळ रचायला घेतला. मांजरपाटाच्या तुकड्यावर त्याने निळ्या शाईने समुद्र काढला आणि मधोमध एक बेट. पॅसिफिक महासागरातलं, त्याच्या मनातलं. स्वतः जिथे लढला तिथला किनारा काढायला बसला की त्याचा हात थांबायचा, म्हणून त्याने हे लांबचं बेट घेतलं. बेटाभोवती पोवळ्याच्या खडकाचं कडं होतं. ते बघून मला माझ्या जन्माची जागा आठवली. भुईमुगाची टरफलं म्हणजे बोटी, कोटाची बटणं म्हणजे तोफांचे मोर्चे. बेट राखणाऱ्या सैनिकांसाठी त्याला लाल गुंजा हव्या होत्या.

"गुंजा या घरात येणार नाहीत," शैला म्हणाली. "विषारी असतात. बाळ रांगतंय."

मग दोन्हीकडे चिंचोकेच घेतले. एका सैन्याचे चिंचोके घासून पांढरे केले. नियम असा होता की भरती असेल तर बोटी खडकावरून पुढे जाणार, ओहोटी असेल तर अडकणार आणि सैनिकांनी पाण्यातून चालत जायचं. हल्ला करणाऱ्याला पांढऱ्या कवड्या, बेट राखणाऱ्याला ठिपक्यांच्या. बेट राखणाऱ्याच्या जितक्या कवड्या उताण्या पडतील, तितके हल्ला करणारे चिंचोके बाद.

मी ठिपक्यांची. तुम्ही ओळखलंच असेल.

एकदा शेजारचे गंगाधरमामा दारात उभे राहून कापडाकडे बघत राहिले. ते मालवणकडचे.

"काय रे रघू, ह्यो कसलो नकाशो? बाण कित्याक काढलंस?"

"पॅसिफिकमधलं बेट आहे, मामा. खेळ आहे."

"मुंबय पण बेटच ना? उद्या झडती इली तर हवालदाराक पॅसिफिक समजावत बसतलंस?"

मामा गेले. शैलाने कापडाची घडी केली आणि बाळाच्या दुपट्याखाली सरकवली. त्यानंतर रोज खेळ संपला की ते तिथेच जायचं.

रघुवीरबरोबर खेळायला यायचा जगदीश. परळच्या शाळेत दोघं एका बाकावर होते. आता जगदीश शाळामास्तर झाला होता आणि वरळीच्या चाळीत आईबरोबर राहायचा. त्याच्या घरी बाबासाहेबांची तसबीर होती आणि रघुवीरच्या घरी गणपतीची. शाळेत त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. चाळीतल्या काही जणांना मात्र अजून वाटत होतं.

पहिल्याच दिवशी जगदीशने कापडावर बोट ठेवलं. "रघू, या बेटावर गाव कुठंय?"

"गाव?"

"माणसं राहत असतील की नाही? नारळ लावणारी, मासे मारणारी."

"असतील. पण ती खेळात नाहीत रे."

जगदीश हसला. "बरोबर आहे. ती नेहमी खेळाच्या बाहेरच असतात."

रघुवीरला तो खेळ दिवाळीच्या आधी गिरगावातल्या एका खेळण्यांच्या दुकानदाराला दाखवायचा होता. दुकानदाराची अट एकच. दोन्ही बाजूंना जिंकता आलं पाहिजे. एकच बाजू जिंकत राहिली तर मुलं तो खेळ पुन्हा हातात घेत नाहीत.

आणि नेमकं तेच बिघडलं. रघुवीर बोटी घेऊन हल्ला करायचा, जगदीश बेट राखायचा आणि बोटी खडकापलीकडे जायच्याच नाहीत. रघुवीरने भरती वाढवली. बोटी वाढवल्या. बटणं कमी केली. तरी प्रत्येक फेकीला मी उताणी पडायचे आणि एक चिंचोका जास्तीचा मरायचा. एका रविवारी त्यांनी बाजू बदलल्या. रघुवीरने बेट राखलं आणि तोही जिंकला. तेव्हा त्याने मिशीवर बोट फिरवलं. "मोर्चे कुठे मांडायचे ते कळावं लागतं, मास्तर!"

मित्रांनो, माणसांची ही गंमत मी जुगाराच्या पाटावरही बघितली होती. आपण जिंकलो की ती आपली अक्कल असते. दुसरा जिंकला की त्यात काहीतरी काळंबेरं असतं.

गंगाधरमामांनी त्यात तेल ओतलं. नळावर पाणी भरताना रघुवीरला म्हणाले, "तो जगदीश भायलो, आपल्या चाळीतलो न्हय. रोज रोज येता कित्याक? बघ हां, त्येच्या हातांवर लक्ष ठेव."

रघुवीरने हंडा उचलला आणि घरी आला. पण पुढच्या खेळात त्याची नजर कापडावरून उठून जगदीशच्या बोटांवर जाऊन बसली. मी त्या बोटांच्या आतच होते. हात घामेजलेला नव्हता, घट्ट नव्हता, काही लपवत नव्हता. लबाड हात कसा असतो ते मला चांगलं ठाऊक होतं. मला ओरडावंसं वाटलं.

"जरा उंचावरून टाक," रघुवीर म्हणाला.

"का रे?"

"टाक ना."

जगदीशने हात उंच केला आणि आम्हाला सोडलं. मी पुन्हा उताणी.

"हात बघू तुझा."

खोलीत बाळ वाटी आपटत होतं. जगदीशने दोन्ही हात पुढे केले आणि उघडले. रिकामे. त्याने ते खाली घेतले नाहीत, रघुवीरने नीट बघेपर्यंत तसेच धरून ठेवले.

"पहिला संशय आमच्यावर येतो, याची मला सवय आहे, रघू," तो म्हणाला. "शाळेत होती, नोकरीत आहे. तुझ्या घरात नव्हती."

तो चपला घालू लागला. शैला आतून म्हणाली, "भाऊजी, चहा टाकलाय."

"राहू दे, वहिनी."

रघुवीर काहीच बोलला नाही. हात रिकामे होते, एवढंसुद्धा नाही.

त्यानंतर जगदीश आला नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कापड दुपट्याखाली पडून राहिलं. रघुवीर अधूनमधून जिन्याकडे बघायचा. "गेला तर गेला," म्हणायचा आणि पुन्हा बघायचा.

एका दुपारी बाळाने आमचा डबा पालथा केला आणि मला मुठीत धरून तोंडाशी नेलं. शैला धावली. तिने माझ्यावर झडपच घातली. बाळाचं तोंड उघडून आत बघितलं, मग आम्हा सगळ्यांना मोजलं, मग धुवायला पाण्याच्या पातेल्यात एकेक करून सोडलं. बाकीच्या कवड्या हलत डुलत कशाही तळाला जात. मी सरळ पाठीवर गेले.

शैला थबकली. तिने मला बाहेर काढून पुन्हा सोडलं. पुन्हा पाठीवर. आमच्यातल्या प्रत्येकीला तिने पुन्हा पुन्हा सोडून पाहिलं. मग केसांत खोवलेला आकडा काढून माझ्या फटीत घातला. टोकाला लाखेचा काळपट कण लागून आला. तिने मला उजेडात धरलं आणि आतलं शिसं तिला दिसलं.

रघुवीर घरी आल्यावर ती त्याला चपलाही काढू देईना. "अहो, इकडे या. ही पाण्यात सोडते, बघा."

तिने सोडलं. त्याने बघितलं. मग त्याने स्वतः सोडलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे जगदीशने..."

"भाऊजी बेट राखत होते तेव्हा ही त्यांच्याकडे होती. त्या रविवारी तुम्ही राखलंत तेव्हा तुमच्याकडे होती. तेव्हा तुम्ही कुणाचे हात तपासलेत?"

रघुवीरने मला रुमालात बांधलं आणि वरळीची वाट धरली.

जगदीशच्या खोलीत दोरीवर पांढरी लुगडी, पांढरे सदरे वाळत होते. दसऱ्याला सगळी चाळ बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला जाणार होती. त्याची आई सुंदराबाई दारातच बसली होती. तिने रघुवीरला लहानपणी जेवू घातलं होतं.

"ये, रघू. चहा घेतोस, का आधी कप तपासून बघतोस?"

रघुवीरची मान खाली गेली. त्याने रुमाल सोडून मला जगदीशपुढे ठेवलं. "ही खोटी आहे. मीच आणली होती. चुकलं माझं."

जगदीशने मला पेल्यातल्या पाण्यात सोडलं आणि तळाला जाऊन पडताना पाहिलं.  मग त्याने विचारलं, "आणि ही खरी निघाली असती तर?"

मित्रांनो, मी पाण्याखाली होते, तरी मला तो प्रश्न ऐकू आला. या प्रश्नाला खोटं उत्तर देणं फार सोपं होतं. मी रघुवीरच्या तोंडाकडे बघत होते. जुगाऱ्यांना शपथा घेताना मी पाहिलं होतं, तशीच शपथ हाही घेईल असं मला वाटलं.

"तर मी आलो नसतो," रघुवीर म्हणाला.

जगदीशने मान वर केली. "हे खरं बोललास. एवढ्यासाठी बस."

सुंदराबाईने चहा दिला. रघुवीर तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

नागपूरहून परतल्यावर जगदीश लालबागला आला तेव्हा गॅलरीत नेहमीसारख्या माना वळल्या. रघुवीर बाहेर येऊन मोठ्याने म्हणाला, "मामा, याचे हात स्वच्छ होते. खोटी कवडी मी आणली होती. सगळ्यांना सांगा."

"आता मी खय काय म्हटलंय?" म्हणत गंगाधरमामा कठड्यावरची चादर झटकू लागले. ती आधीच झटकलेली होती.

खेळात मला पुन्हा फेकणं शक्य नव्हतं. रघुवीर मला गॅलरीतून खाली टाकायला निघाला होता. जगदीशने त्याचा हात धरला. त्याने कानसेने माझ्या पाठीला भोक पाडलं आणि सुईने खरवडून शिसं नि लाख बाहेर काढली. मित्रांनो, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मग त्याने मला बेटाच्या मधोमध ठेवलं.

"हे गाव," तो म्हणाला. "गावाला धक्का लागला तर दोघंही हरले."

शैलाने मला तिथेच जाड दोऱ्याने शिवून टाकलं. बाळाने ओढलं तरी निघू नये म्हणून दोनदा शिवलं. गावाला धक्का नको, तेव्हा आता माझ्याजवळ तोफा मांडता येईनात आणि बोटींना वाट मिळाली. कधी बेट राहू लागलं, कधी पडू लागलं. खेळ जमला.

गिरगावचा दुकानदार खूश झाला. फक्त म्हणाला, "हे गाव काढून टाका. मुलांना तोफा हव्या असतात." रघुवीरने जगदीशकडे बघितलं नाही. त्याने कापडाची घडी घातली आणि म्हणाला, "गाव राहणार." तो खेळ कुठल्याच दुकानात गेला नाही.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले, तेव्हा शैलाने ते कापड काढलं होतं आणि दोघं मित्र दुपारभर खेळले होते. त्यानंतर मी ट्रंकेत आहे. कापडाला कसर लागली आहे. समुद्राची शाई फिकी झाली आहे. तरी माझा दोरा पक्का आहे.

माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. हात जवळ आला की अजूनही मला आत सरकावंसं वाटतं. तुमचंही तसं होत असेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्यासारख्या लहान वस्तू रांगत्या बाळापासून दूर ठेवा. आणि कुणाला हात उघडायला सांगण्याआधी आपल्या हातात काय आहे ते पाण्यात सोडून बघा. तरीही सांगून बसलात आणि त्याने हात उघडले, तर ते रिकामे आहेत हे त्याच वेळी, त्याच खोलीत मोठ्याने म्हणा. त्यासाठी नंतर वरळीपर्यंत चालत जायला लागू नये.