माझ्या पाठीवर आईचं नाव

मी चीनमधल्या हांगचौच्या तळ्यातलं कासव बोलतोय. सावकाश बोलतोय, घाई असेल त्यांनी पुढे व्हावं!

बुद्धजयंती जवळ आली की आमची नुसती धांदल उडते. माणसं पुण्यासाठी आम्हाला तळ्यात सोडतात, आणि त्यांना सोडायला मिळावं म्हणून कोळी आम्हाला आधी त्याच तळ्यातून पकडतात. अहो, मी किती वेळा मुक्त झालोय, ते माझं मलाच आठवत नाही!

एका वर्षी फान देजेन नावाच्या पंडिताने मला सोडलं. मोठा भाविक माणूस. मांस-मासळी वर्ज्य, पहाटे उठून सूत्रपठण. म्हाताऱ्या आईला दीर्घायुष्य लाभावं म्हणून हा खटाटोप. पुण्य भलत्याच कुणाच्या पदरात पडू नये, म्हणून त्याने माझ्या पाठीवर तांबड्या लाखेने आईचं नाव लिहिलं. पंडित तो पंडितच!

उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली. वैद्य म्हणाला, "कासवाचा रस्सा पाजा, नाहीतर आशा सोडा." स्वयंपाकीण बाजारातून टोपली घेऊन आली. टोपलीत कोण? अस्मादिक!

मला धुवायला घेतलं आणि ती किंचाळलीच, "मालक, याच्या पाठीवर आईसाहेबांचं नाव आहे!"

फान पांढराफटक पडला. पण मग त्याने स्वतःच सुरी उचलली. "आई, व्रत मोडल्याचं पाप माझं. तू फक्त पी."

जीव मुठीत धरावा, तर मला मूठही नाही!

"आण बघू त्याला इकडे," म्हातारी म्हणाली. माझी पाठ निरखून खुदकन हसली. "माझंच नाव उकडून मलाच पाजतोस होय रे, गाढवा?"

"थट्टा नको, आई. तू जाशील गं!"

"जाईन. बुद्धाचं नाव घ्यायला मला तूच शिकवलंस ना? मग शिष्या शिकली तर गुरूने रडायचं कशाला? जा, सोड त्याला."

रस्सा काही झाला नाही. शेवंती फुलायच्या आत म्हातारी गेली. मी तिचा कोण लागतो? पण फार वाईट वाटलं मला.

आता फान रोज संध्याकाळी काठावर येऊन बसतो. टोपली नाही, पुण्यबिण्य काही नाही. मी वर आलो की हळूच विचारतो, "आई, जेवलीस का?"

मी नर आहे हो! पण त्याला सांगणार कोण? मी आपली मान हलवतो. मग तो डोळे पुसून घरी जातो.

कोळीदादांनो, तुमच्या पाया पडतो, माझ्यावर जाळं टाकू नका. उद्या संध्याकाळी तो येईल, तेव्हा मी इथे असायला हवा.