तोफ गप्प ठेवण्याची नोकरी

उतार.

नायरी एक हात वर करायचा, खाली टाकायचा, पुन्हा वर करायचा. जखमींना मलमपट्टी करणारा तो पोरगा आता स्वतःच उतारावर पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली बुटासकट गेलेला. मांडीला त्यानं आपणच पट्टा आवळला होता, दातांनी.

वर ड्रोन घोंघावत होतं. म्हणायला सरहद्दीपलीकडच्यांचं, पण पलीकडच्यांना ते उडवता येत नव्हतं. उडवणारे त्यांचे नवे दोस्त, दुसऱ्याच देशाचे, समोरच्या टेकडीवर पत्र्याच्या कंटेनरमध्ये बसलेले. नायरीला आणायला दोघं स्ट्रेचर घेऊन निघाले, आणि निम्म्या वाटेवर

एकाची टोपी खंदकापर्यंत उडत आली. टोपी रिकामी नव्हती.

खंदक.

"बाई, बाजूला व्हा," कर्नल वार्दगेस म्हणाला. तोफेचं तोंड त्यानं कंटेनरवर रोखलं होतं. "एक गोळा. एकच."

आरुस्याक बाजूला झाली नाही. ती परराष्ट्र खात्यातली. तिला राजधानीतून, येरेवानहून, इथे धाडलं होतं ते एवढ्यासाठीच, ही तोफ गप्प ठेवायला. त्या दोस्त देशाचं शिष्टमंडळ आज तिकडे मंत्र्यांसमोर बसलं होतं. कित्येक वर्षं बंद असलेली त्या देशालगतची सरहद्द उघडायची होती. या बैठकीसाठी ती झिजली होती.

"आत त्यांची माणसं आहेत. एक जरी मेला तरी बैठक मोडेल, आणि उद्या त्यांची विमानं येतील. मग किती नायरी मोजाल, कर्नल?"

"मला एकच मोजता येतो. तो हात हलवतोय." तो थुंकला. "म्हणजे ते इथे आपल्याला फाडणार आणि तिथे आपण त्यांना कॉफी पाजणार?"

"हो."

"साखर घालून?"

"विचारून. जितकी म्हणतील तितकी."

फोन, पलीकडून.

पलीकडचा मेजर एल्मान आणि वार्दगेस तरुणपणी एकाच फौजेत, एकाच बराकीत होते. देश फुटला आणि दोघं सरहद्दीच्या दोन बाजूंना पडले. चुकलेली गुरं परत करायला म्हणून हा फोन ठेवला होता. वार्दगेसनं आवाज मोठा केला, आरुस्याकलाही ऐकू यावं म्हणून.

"एल्मान, आईची आण आहे तुला, थांबव ते. पोरगं जिवंत आहे."

"माझ्या हातात आहे का? माझ्याच टेकडीवर मला दार वाजवून आत जावं लागतं, म्हाताऱ्या. काल त्यातल्या एका कार्ट्यानं मला चहा आणायला सांगितला. मला!"

"आणलास?"

"आणला."

एल्माननं आवाज खाली आणला.

"ऐक. आता ते जेवायला बाहेर पडतील. सगळे, खाली अक्रोडाच्या झाडाखाली. ते नसले की यंत्र आपलं आपण बघतं, आपलं आपण मारतं. जे हलेल त्याला. तुझं पोरगं हलतंय. पण कंटेनर तेव्हा रिकामा असतो. यंत्राचा मेंदू आतच आहे. कळलं ना?"

फोन तुटला.

"नायरी!" वार्दगेस ओरडला. "हात खाली! हलू नकोस!"

उतारावर हात पुन्हा वर आला. स्फोटानं त्याचे कान गेले असणार.

"खोटं असेल तर?" आरुस्याक म्हणाली. "आत माणसं बसवून आपल्याकडूनच मारून घ्यायची असतील तर? दोस्त चिडून युद्धात उतरावेत म्हणून?"

"असेलही."

"तुमचा मित्र आहे ना तो?"

"त्यानं माझी माणसं मारलीत, मी त्याची. मित्र कसला!"

तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली. दार उघडलं. एक बाहेर आला, पाठोपाठ दुसरे, हात पुसत, हसत. शेवटच्यानं दार उघडंच टाकलं. आत कोणी उरलं की नाही, ते इथून दिसत नव्हतं. ड्रोन वळलं. नाक खाली करून नायरीकडे

"मारा," ती म्हणाली.

पत्रा कागदासारखा फाटला. ड्रोन हवेत डुचमळलं, तिरकं झालं आणि कड्यावर आपटून फुटलं. त्याचा एक पंख नायरीपासून चार हातांवर रुतला. पोरं धावली. त्याला उचलून आणलं तेव्हा तो आईला हाका मारत होता आणि उरलेल्या सगळ्यांना शिव्या देत होता.

फोन, येरेवानहून.

"शाबास म्हणू की शिव्या घालू?" उपमंत्री मार्तिरोस.

"त्यांचं कोणी मेलं?"

"कोणीच नाही. तिथेच तर अडलंय. पाहुणे विचारताहेत, कंटेनर रिकामा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? नाव द्या आणि पुढच्या कलमावर जाऊ."

"दुर्बिणीतून पाहिलं आम्ही."

"त्यांना माहीत आहे, आरुस्याक. त्या मेजरच्या फोनवर त्यांचा कान असतो. त्यांना ते फक्त आपल्या तोंडून हवंय. मैत्रीची सुरुवात खरं बोलून व्हावी म्हणे."

ती बोलली नाही.

"हे गप्प बसणं मी काय समजू?"

"गप्प बसणं समजा."

"बरं. मग त्यांना जे समजायचं ते समजू दे. फोन ठेवू नकोस."

टेकडी.

एल्मानला बाहेर आणलं. डोक्यावर टोपी नव्हती. धरणारे त्याचेच शिपाई होते. दोस्त अक्रोडाखाली उभे राहून बघत होते. एकाच्या हातात अजून रोटीचा तुकडा. शिपायांनी मेजरच्या गुडघ्यांमागे लाथ घातली. तो खाली बसला. एकानं त्याच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता मारला. तो पडला, पुन्हा त्याला बसवलं.

वार्दगेसनं गोळा भरला होता.

"बाई. सगळे एका ठिकाणी आहेत, झाडाखाली. एल्मान लांब आहे. जमेल मला. त्या गडबडीत पळेल तो."

"हॅलो?" फोनमधून मार्तिरोस कुजबुजला. "ते पेन मागताहेत. सही करताहेत, आरुस्याक."

"बोला, बाई!"

ती तोफेच्या नळीवर आडवी झाली. आत्ताच गोळा गेलेली, तापलेली नळी. तिनं दोन्ही हातांनी ती कवटाळली आणि खाली दाबली. वार्दगेसनं तिचा दंड धरून ओढलं, केस धरून ओढलं, बरगडीत गुडघा घातला. ती सुटली नाही. तळवे जळल्याचा वास यायला लागला.

पलीकडे बंदुकीचा आवाज झाला. लहानसा.

वार्दगेसनं तिचे केस सोडले.

"उठा आता," तो म्हणाला. "हळू. कातडी नळीलाच राहील."