उघडी धाप

तिसऱ्या चढाईला पुतळाचे पाय पुन्हा दगड झाले. दम शिल्लक होता, तोंडातली ‘कबड्डी, कबड्डी’ अजून खणखणीत चालू होती, पण मांड्या जागच्या हलेनात. मध्यरेषा हातभर लांब असताना, सरावासाठी समोरच्या बाजूला उभ्या केलेल्या तिच्याच संघातल्या सखूने तिचा घोटा धरला आणि सारसोळ्याच्या मैदानातली धूळ पुतळाच्या तोंडात गेली.

"ऊठ," हिरामण ओरडला. "आनि आदी तोंड मिट!"

हिरामण तिचा बाप, आणि गावातल्या मुलींच्या संघाला शिकवणाराही तोच. तरुणपणी पार खाडीपलीकडच्या मोरा गावापर्यंत त्याच्या चढाईचं नाव होतं. त्याचा कायदा एकच: समोरच्याला धाप दाखवायची नाही. चढाई करून आलं की ओठ मिटून, छाती ताठ करून उभं राहायचं, नाकाने हळूच श्वास घ्यायचा. धापा टाकणारा संपला हे सगळ्यांना कळतं आणि पुढच्या खेपेला त्यालाच धरतात. पुतळाला तर हे बाळकडूच होतं.

येत्या रविवारी रबाळ्याच्या एका औषध कंपनीची माणसं सामना बघायला येणार होती. कंपनी मुलींचा संघ उभा करत होती. निवडलेल्या मुलीला पॅकिंग खात्यात कायमची नोकरी. मिठागरं गेल्यापासून हिरामणच्या हाताला काम नव्हतं, घर चालत होतं ते पुतळाच्या डोक्यावरच्या मासळीच्या पाटीवर. तिला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती, की तसं बोलून दाखवायचीही तिला भीती वाटायची.

मंगळवारी ती नेरूळच्या नव्या बिल्डिंगीत प्रधानबाईंकडे मासळी घेऊन गेली. वैजयंती प्रधान शाळेत विज्ञान शिकवायच्या. कोलंबीचा भाव करताना मात्र सगळं शिक्षण बाजूला ठेवून घासाघीस करायच्या. पुतळा पाटी उतरवून बसली ती मांडी चोळतच.

"काय गं, काय झालं पायाला?"

"पाय भरून येतान, बाई. दम हाय माजा, पन तिसऱ्या चढाईला पायच नाय उचलत. बाबाला वाटतं मी कामचुकार हाय."

"चढाई करून आलीस की काय करतेस?"

"गप उबी ऱ्हाते. तोंड मिटून."

बाईंनी हातातली कोलंबी खाली ठेवली. "अगं, मग हे उलटंच झालं की! ऐक. आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असतात, आणि प्रत्येकीची आपापली चूल असते. जेवणातली साखर त्या जाळतात. हवा मिळाली तर साखर पुरती जळते आणि भरपूर शक्ती मिळते. पण चढाईत तू श्वास घेत नाहीस, आणि पाय तर जीव खाऊन पळतायत. एवढी हवा आणायची कुठून? मग पेशी हवेवाचून भागवतात, साखर अर्धवटच मोडतात. त्यातनं शक्ती झटकन मिळते, पण अगदी थोडी, आणि मागे आम्ल साठतं. पाय भरून येतात ते त्यानं."

"मंग ता जायाचा कसा?"

"हवेनंच. चांगल्या मोठ्यानं धापा टाक. धाप लागली म्हणजे तू संपलीस असं नाही गं, चढाईत न मिळालेली हवा अंग मागून घेत असतं. आणि ताठ उभी राहू नकोस, चालती राहा."

पुतळा हसली. "धापा टाकल्या तं बाबा मना घरात घ्याचा नाय."

"मग घराबाहेर टाक," बाई म्हणाल्या आणि पुन्हा भावावर आल्या.

पुतळाने तेच केलं. रोज पहाटे ती खाडीच्या बांधावर एकटी धावली आणि थांबल्यावर तिने तोंड उघडून धापा टाकल्या. पहिल्या दिवशी तिची तिलाच लाज वाटली. पण पाय लवकर हलके होत होते, हे तिला पक्कं कळलं.

रविवारी बाप समोर दिसला आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. पहिल्या डावात ती ओठ मिटून उभी राहिली, पाय भरून आले, आणि ती पकडली गेली. कंपनीचे साहेब घड्याळ बघू लागले. बाहेर बसल्याबसल्या पुतळाला स्वतःचाच भयंकर राग आला.

दुसऱ्या डावात गडी मारून परतल्याबरोबर तिने तोंड उघडलं. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा धापा टाकत ती मध्यरेषेअलीकडच्या आपल्या अंगणात फेऱ्या मारू लागली.

"पुतला संपली रे!" समोरच्या मुली हसल्या.

"तोंड!" हिरामण रेषेबाहेरून ओरडला.

तिने बापाकडे बघितलं. त्याचा शब्द आजवर तिने कधी मोडला नव्हता. आज मोडला. छाती भात्यासारखी हलवत ती फिरत राहिली, आणि पुन्हा पाळी आली तेव्हा पाय तिचेच होते. ही दमली आहे असं समजून पकडायला पुढे आलेल्या दोघींना तिने एकाच चढाईत मारलं. परत आली, पुन्हा तशीच धापा टाकत फिरली, पुन्हा गेली.

सामना थोडक्यात हुकला. पण साहेबांनी जाताना एकच नाव पुकारलं, ते पुतळाचं.

सखूने तिला उचलून गरगर फिरवलं. हिरामण जवळ आला नाही. घरी निघाल्यावरही तो दोन पावलं पुढेच चालत होता, पाठ ताठ. बापाचं सगळ्यांदेखत ऐकलं नाही, याचं पुतळाला वाईट वाटत होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच करू, हेही तिला माहीत होतं.

बांधाच्या चढावर हिरामण थांबला.

"थांब, पुतले. मना धाप लागली."

तो खाली दगडावर बसला आणि त्याने तोंड उघडलं. त्याची छाती घरघरत होती. पुतळा घाबरून शेजारी टेकली.

"कदीपास्नं, बाबा?"

"झाली... दोन-तीन वरसा."

सामना बघून परतणारं निम्मं गाव त्याच चढावरून वर येत होतं. पुतळाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. माणसं जवळ आली, बघू लागली, कोणी हाकही मारली. हिरामणने तोंड मिटलं नाही.