पुसलेला आरसा

आरशाच्या कडेला एक पिवळा धागा चिकटला होता—फडक्याचा, स्वयंपाकघरातल्याच फडक्याचा—आणि तो चिमटीत धरून उचलताना तिला काचेवरचे ओरखडे दिसले, गोल गोल, बारीक, घासलेल्या ताटावर असतात तसे.

"धूळ केवढी साठली होती," मागून नवरा म्हणाला. "तू तर हात लावत नाहीस. चकचकीत केला बघ."

हात लावत नाही, कारण लावायचा नसतो. दुर्बिणीच्या आरशावर धूळ बसली तर बसू द्यावी. पुसायला गेलं की तीच धूळ मुलामा खरवडते—हे तिने त्याला दहादा सांगितलं होतं आणि त्याने दहादा मान डोलावली होती. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

जुन्या बाजारातली दुर्बीण, मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरचा कॅमेरा, औषधाच्या डबीत बसवलेला… एवढ्यावर तिने सात वर्षं शनी टिपला होता, वर्षाला एक फोटो, आणि दर फोटोत त्याची वलयं थोडी थोडी मिटत आलेली. यंदा त्यांची नुसती रेघ होणार. आठवा फोटो, की माळ पुरी. पुन्हा अशी रेघ चौदा-पंधरा वर्षांनी दिसेल, तेव्हा ती नव्वदीला टेकलेली असेल—म्हणजे नसेलच.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्याने तिच्या पुस्तकांतली पेन्सिलीची टिपणं खोडून काढली होती, रबराने, अख्खा रविवार बसून. नव्यासारखी दिसतात बघ, म्हणाला होता. आणि मी काय म्हटलं? बरं केलंत, म्हटलं… जीभ कशी झडली नाही माझी.

दिवेलागणीनंतर तिने परसात दुर्बीण लावली. तीन मिनिटांचं चित्रण. त्यातली चांगली तेवढी चित्रं निवडून कॉम्प्युटरने एकावर एक रचली. आपल्याला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक होतं: धुरकट, फुटकं काहीतरी, त्याच्या नाकासमोर धरण्याजोगं.

आलं ते स्वच्छ. गोळा, आणि त्यातून आरपार गेलेली रेघ. आठांतला सर्वांत चांगला. आता हा चारचौघांत सांगत सुटणार—मी पुसला म्हणून आला.

"आला का गं फोटो?" दारातून त्याने विचारलं, जरा भीतभीतच.

"नाही," ती म्हणाली. "बिघडला."

ती वळली नाही. पाठीमागचं त्याचं ते गप्प राहणं ऐकत बसली… आणि ते आपल्याला इतकं गोड लागतंय, याचीच तिला हळूहळू धास्ती वाटू लागली.